तीन वर्गांतलं एकच मशीन

लहानपणी कस्तुरा कुणाच्या घरी गेली आणि दोरीवर नवं पोलकं वाळत घातलेलं दिसलं, की ती ते उलटं करून पाहायची. वरून कापड कसं दिसतं याचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. आतली टीप कशी मारली आहे, कड कुठं दुमडली आहे, गाठ कुठं लपवली आहे, ते तिला बघायचं असे. बंगळूरच्या चिकपेटेत तिच्या वडलांचं शिंप्याचं दुकान होतं. युद्धाच्या वर्षांत तिथं लष्कराच्या खाकी सदऱ्यांचे गठ्ठे येऊन पडायचे, दिवसभर मशीनं खडखडायची, आणि ही गठ्ठ्यावर बसून हे असं का नि ते तसं का म्हणून विचारत राहायची. घरातले सगळे तिच्या प्रश्नांना कंटाळले होते, पण वडील कधी वैतागले नाहीत. त्यांना ती अण्णा म्हणायची. "विचारू दे की तिला," अण्णा म्हणायचे, "स्वल्प विचारलं म्हणून कापड आटत नाही."

लग्न होऊन ती पिसे यांच्या घरी आली. नवरा नागनाथ विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. लग्नानंतर वर्षभरातच त्याला बायकोचा स्वभाव कळला. रस्त्यानं जाताना कुठं खड्डा खणलेला दिसला तरी ती थांबायची, खणणाऱ्याला विचारायची, आणि पाइप कुठून कुठं जातो हे कळल्याशिवाय पुढं पाऊल टाकायची नाही. "आडनाव अगदी बरोबर मिळालं तुला," तो हसून म्हणायचा. "पिसेच तू. पिसं लागायचंच."

मुलींच्या एका शाळेत काही वर्षं शिवण शिकवल्यावर, राज्यांची फेररचना झाली त्या सुमारास, कस्तुराबाईंना सरकारी नोकरी लागली. काम होतं खासगी शिवणवर्गांची तपासणी. त्या काळात बंगळूरमध्ये गल्लोगल्ली शिवणवर्ग निघत होते. कारखाने वाढत होते, नवी कुटुंबं येत होती, शाळांना शिवणाच्या शिक्षिका हव्या होत्या, आणि सरकारी परीक्षेचा दाखला असला की बाईमाणसाला चार ठिकाणी विचारलं जायचं. पण त्या परीक्षेला मुली पाठवायच्या तर वर्गाला सरकारची मान्यता लागे. मान्यतेचे नियम छापील होते. हवेशीर खोली हवी, शिकलेली शिक्षिका हवी, आणि चालू स्थितीतली निदान सहा मशीनं हवीत. वर्षातून एकदा निरीक्षक येणार, येण्याआधी टपालानं दिवस कळवणार, आणि सगळं जागेवर आहे असं पाहून शेरा मारणार.

कस्तुराबाई हे काम मन लावून करत. छत्री, पिशवी आणि पिशवीत एक छोटी कात्री घेऊन त्या सिटी बसनं हिंडत. तपासायला गेल्या की नुसती मशीनं मोजून थांबत नसत. प्रत्येकावर बसून चिंधीवर एक टीप मारून पाहत. "चालू स्थितीत" असं नियमात लिहिलं होतं, आणि चालू आहे की नाही हे चालवल्याशिवाय कसं कळणार, असं त्यांचं साधं म्हणणं.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर त्या मल्लेश्वरमच्या एका वर्गात गेल्या. 'प्रगती शिवणकला मंदिर' अशी ठळक अक्षरांची पाटी होती. चालक प्राणेश म्हणून एक गृहस्थ होते. पांढराशुभ्र कोट, गोड बोलणं. खोली लखलखीत होती, भिंतीवर बाळाच्या झबल्यापासून कोटापर्यंतचे नमुने टाचलेले होते, आणि मुली हातात सुईदोरा घेऊन शिस्तीत बसल्या होत्या. कस्तुराबाई एकेका मशीनवर बसत गेल्या. खिडकीजवळच्या मशीनवर पाय मारला आणि त्यांचे कान टवकारले. प्रत्येक टाक्याच्या 'टक्' पाठोपाठ एक हलकंसं 'टुक्' ऐकू येत होतं. लंगडा माणूस काठी टेकत चालावा तसं. टीप सरळ पडत होती, दोष असा काही नव्हता. पण शिंप्याच्या दुकानात वाढलेल्या कानाला ते मशीन शंभरात ओळखू आलं असतं.

"काही बिघाड आहे का, मेडम?" प्राणेशनं विचारलं.

"नाही नाही. चालतंय की," त्या म्हणाल्या आणि शेरा मारून निघाल्या.

त्याच आठवड्यात त्या कब्बनपेटेतल्या गंगव्वाच्या वर्गात गेल्या. गंगव्वा निपाणीकडची, मराठी नि कानडी दोन्ही सारख्याच धारेनं बोलणारी. पन्नाशीला आलेली, कपाळावर मोठं कुंकू, तोंडानं फटकळ. पत्र्याच्या लांबट खोलीत वर्ग होता. तिथंही सहा मशीनं ओळीनं मांडलेली होती. कस्तुराबाई तिसऱ्यावर बसल्या, पाय मारला, आणि तोच आवाज. टक्-टुक्, टक्-टुक्.

त्यांनी मान वर केली. गंगव्वा दुसरीकडे पाहत होती.

एका कंपनीची दोन मशीनं सारखी लंगडू शकतात, असं त्यांनी स्वतःलाच सांगून पाहिलं. मनाला पटेना. मग तेल पाहण्याच्या निमित्तानं त्यांनी मशीनचं डोकं मागं कलवलं, पिशवीतला पोपटी रेशमाचा बारीकसा दोरा काढला आणि खालच्या बाजूच्या एका स्क्रूला गुंडाळून ठेवला. वरून कुणाला दिसण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी हे नागनाथला सांगितलं तर तो जेवता जेवता हसला. "आणि तो दोरा दुसऱ्या वर्गात सापडला तर काय करशील?"

"काय करीन ते नंतर. आधी कळू दे तरी."

दोन दिवसांनी हलसूरच्या वर्गाची पाळी होती. तो एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांचा. कस्तुराबाई खोलीत शिरल्या, सरळ एकेक मशीन कलवून पाहत गेल्या, आणि पाचव्याच्या पोटाखाली पोपटी दोरा दिसला. त्यांना काय वाटलं असेल? राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्या एखाद्या पोरीसारख्या खुलल्या. कोडं सुटायला लागल्याचा तो आनंद होता. मास्तरांशी त्या काही बोलल्या नाहीत. स्टँडच्या बिजागऱ्या मात्र त्यांनी निरखून पाहिल्या. स्क्रू सतत काढून घालून झिजलेले, चकाकणारे. लोखंडी स्टँड जागच्या जागी राहत होते, फिरत होती ती डोकी.

बाहेर पडून त्या बसथांब्यावर गेल्याच नाहीत. मागच्या गल्लीच्या तोंडाशी एका लिंबाखाली उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात एक जटका, म्हणजे एका घोड्याचा टांगा, मागच्या दाराशी लागला. घोंगड्यात गुंडाळलेली बोचकी एकेक करून आत गेली. जटका वळून गल्लीबाहेर आला तसा कस्तुराबाईंनी हात केला.

"पेटेकडं जाणार काय?" त्यांनी कानडीत विचारलं.

जटकेवाल्याचं नाव देवाप्पा. पिकलेल्या मिशा, डोक्याला लाल पंचा. त्यानं मागं वळून बोचक्यांकडं पाहिलं. "जागा स्वल्पच आहे, अम्मा. पण या. पाय तेवढे सांभाळा, खाली लोखंड आहे."

घोडा चालू लागला. कस्तुराबाईंनी चपलेच्या टोकानं एक घोंगडं हळूच बाजूला सारलं. काळं कुळकुळीत डोकं, सोनेरी वेलबुट्टी.

"ही मशीनं दुरुस्तीला चाललीत वाटतं?"

"दुरुस्ती कसली, अम्मा!" देवाप्पाला बोलायला माणूस हवंच होतं. "ही आहेत प्राणेशस्वामींची. वर्षभर मल्लेश्वरमला कोठडीत कुलूपबंद असतात. सरकारची बाई तपासायला निघाली की यांची वरात निघते. आज या वर्गात, उद्या त्या. ती बाई एका वर्गातून निघाली की मी मागच्या दारानं उचलायची, आणि ती पुढच्या वर्गात पोचायच्या आधी नेऊन ठेवायची. भारी कडक बाई आहे म्हणे. वाकून वाकून बघते."

"असं होय?" कस्तुराबाईंनी पदर तोंडाशी नेला. "आणि तुमचे स्वामी ही मशीनं असंच धर्मादाय देतात?"

"भाड्यानं हो! धर्म कसला?"

"मग तपासणी नसते त्या दिवशी मुली शिकतात कशावर?"

देवाप्पानं लगाम सैल सोडला. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आला नसावा. "ते मला काय ठाऊक, अम्मा," तो शेवटी म्हणाला. "मी मशीनं बघतो. पोरी कुठं बघतो?"

हे उत्तर कस्तुराबाईंना असं काही लागलं की मार्केट येईपर्यंत तेच त्यांच्या कानात घोळत राहिलं. त्यांनी तरी कधी पोरी बघितल्या होत्या? सुईदोरा घेऊन शिस्तीत बसलेल्या मुली भिंतीवरच्या नमुन्यांसारख्याच त्यांच्या नजरेखालून गेल्या होत्या. वाकून पाहिली होती ती मशीनं.

उतरताना त्यांना राहवलं नाही. "देवाप्पा," त्या म्हणाल्या, "ती कडक बाई मीच."

देवाप्पा पाहतच राहिला. मिशीवरून हात फिरवला, घोड्याकडं पाहिलं, बोचक्यांकडं पाहिलं. "अय्यो, शिवने!" तो पुटपुटला. मग चाचरत म्हणाला, "मग आता... ही कुठं नेऊ?"

"सांगितलंय तिथंच न्या. तुमचा काय दोष?"

त्यानंतरच्या आठवड्यात कस्तुराबाईंनी दोन दिवस रजा घेतली. नोटीस नाही, छत्री-पिशवी नाही, साधं लुगडं नेसून निघाल्या. त्यांना एकच गोष्ट पाहायची होती. तपासणी नसलेला दिवस कसा असतो?

मल्लेश्वरमच्या 'प्रगती'चं दार उघडं होतं. आत मुली नव्हत्या. खोलीभर शेवरीच्या कापसाचे ढीग पडले होते आणि दोन माणसं नाकातोंडाला फडकी बांधून गाद्या भरत बसली होती. भिंतीवर मात्र झबल्यापासून कोटापर्यंतचे नमुने तसेच टाचलेले होते. कस्तुराबाई दारात उभ्या आहेत तोवर प्राणेश मागून आला. क्षणभर दचकला, पण पुढच्याच क्षणी हसला.

"मेडम, आज सुट्टी आहे वर्गाला."

"आणि काल?"

प्राणेशनं कोटावर चिकटलेला कापूस झटकला.

"परीक्षेला तुमच्या मुली बसतात. पास होतात. शिवतात कुठं?"

"घरी शिवतात. कुणी आईकडं शिकतं, कुणी शिंप्याकडं." त्यानं खांदे उडवले. "नमुने परीक्षकांकडं तयार करून पाठवायचे असतात. कुणी शिवले हे कोण विचारतं? मेडम, तुमचं सरकार सहा मशीनं मोजतं. मी सहा मशीनं दाखवतो. मुली शिकल्या का, हे मला तुम्ही कधी विचारलंत?"

कस्तुराबाईंनी भिंतीवरच्या नमुन्यांकडं पाहिलं. माणूस लबाड होता, पण प्रश्न खरा होता. त्याच पावली त्या परत फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी कब्बनपेटेत गेल्या.

गंगव्वाच्या पत्र्याच्या खोलीबाहेर पोचायच्या आधीच आवाज आला. मशीनचा, आणि त्यावरून चढणारा गंगव्वाचा. "अगं, कापड ओढू नको! ते आपल्या पायानं चालतंय, चालू दे त्याला!" आत चटयांवर बायका-मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. मशीनं दोनच, दोन्ही जुनी. एकेकीची पाळी येई तशी ती उठून मशीनवर जायची. बाकीच्या जुन्या वर्तमानपत्रांवर बेतत होत्या, कापत होत्या, कागदाचे भाग एकमेकांना टाचून पोलकं उभं करत होत्या. काही जणी हातानं धावदोरा घालत होत्या. दाराजवळ यल्लव्वा नावाची एक लेकुरवाळी बसली होती. मांडीवर झोपलेलं मूल, आणि मुलाच्या पाठीवरच कागद ठेवून ती गळा आखत होती.

"हे काय करतेस गं?" कस्तुराबाई तिच्याजवळ बसल्या.

"गळा उतरवत्ये, अक्का. कागद चुकला तर चुलीत घालता येतो. कापड चुकलं तर सासू मला चुलीत घालेल." ती हसली. "मशीनची पाळी यायला वेळ आहे. तवर बाई बेतायला लावतात."

कस्तुराबाईंनी तिचा कागद हातात घेतला. खांद्याचा उतार, मुंढ्याची गोलाई, सगळं जिथल्या तिथं. तेवढ्यात गंगव्वाची नजर दाराकडं गेली. तिच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"आज नोटीस नव्हती," ती म्हणाली.

"तपासायला नाही आले. बघायला आले."

"दोन्हीत फरक काय असतो?" गंगव्वानं पदर खोचला आणि त्यांना खोलीबाहेर घेऊन आली. "बघितलंत? आता लिहा जाऊन. दोनच मशीनं हायत माझी. सहा नाहीत म्हटलं की मान्यता नाही. मान्यता नाही म्हटलं की पोरी परीक्षेला नाहीत. परीक्षा नाही तर या कशाला येतील? म्हणून त्या प्राणेशाकडून आणली भाड्यानं. एका दिवसासाठी खोटं बोलले, बाकी वर्षभर खरं शिकवलं. काय करू सांगा की!"

कस्तुराबाईंनी दारातून आतल्या चटयांकडं पाहिलं. "तुमच्या पोरी चांगलं बेततात," एवढंच त्या म्हणाल्या.

"मग तेच लिहा. मशीनचं राहू द्या."

"ते कसं राहील, गंगव्वा?"

गंगव्वानं त्यांच्याकडं एकदा रोखून पाहिलं आणि आत निघून गेली. आत पुन्हा तिचा आवाज सुरू झाला, पण आता तो पहिल्यासारखा मोकळा नव्हता.

त्या संध्याकाळी कस्तुराबाई चुलीपुढं बसल्या होत्या, पण लक्ष कालवणात नव्हतं. नागनाथनं दोनदा विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. एक वर्ग गाद्यांचा, एक वर्ग खरा, आणि दोन्ही वर्गांचा गुन्हा एकच. एकाचं लिहायचं आणि दुसरीचं झाकायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. पण दोघांचं सारखंच लिहिलं तर खरं आणि खोटं एकाच मापात जाणार होतं.

नागनाथनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आमच्याकडं एक नवा साहेब आला होता. यंत्रं मोजायचा. किती लेथ आहेत, किती चालू आहेत. आमचा फोरमन त्याला म्हणाला, साहेब, यंत्रं मोजून विमान उडत नाही. बाहेर पडलेला नग हातात घ्या, त्याला गेज लावा, माप बरोबर आहे का बघा. नग बरोबर तर यंत्रही बरोबर, माणूसही बरोबर."

"म्हणजे मी पोरींना गेज लावू?"

"पोरींना कशाला? त्यांच्या हातच्या कपड्याला लाव की."

कस्तुराबाईंच्या हातातली पळी थांबली. इतकी वर्षं त्या कपडे उलटे करून बघत आल्या होत्या, आणि नोकरीत नेमकं तेच करायचं राहून गेलं होतं.

त्यांनी अहवाल लिहिला. फिरती डोकी, पोपटी दोरा, गाद्या, गंगव्वाची दोन मशीनं, सगळं आहे तसं. हलसूरच्या मास्तरांचंही. शेवटी त्यांनी एक विनंती जोडली. निकाल देण्याआधी या वर्गांतल्या मुलींना आमच्यासमोर शिवू द्यावं.

त्यांचे साहेब उपेंद्रराव हे नियमावर बोट ठेवून चालणारे. अहवाल वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तिघांचीही मान्यता रद्द. यात बघण्यासारखं काय राहिलं?"

"मुली राहिल्या, साहेब."

"नियमात मुलींची परीक्षा वर्षाअखेर आहे. तपासणीत नाही."

"म्हणूनच मशीनं जटक्यातून फिरतात, साहेब. मुलींचं शिकणं जटक्यात घालून फिरवता येत नाही." बोलून गेल्यावर त्यांना आपलाच धीर पाहून नवल वाटलं. "एकदा बघू तर या. पुढं तुम्ही म्हणाल तसं."

उपेंद्ररावांनी बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटली. पण जटक्यातून फिरणाऱ्या मशीनांच्या गोष्टीनं त्यांचंही कुतूहल जागं झालं असावं. "बघू," ते म्हणाले. "पण मी स्वतः येणार."

ठरलं असं की खात्यानंच एका सरकारी शाळेत मशीनं मांडायची, मलमलीचे सारखे तुकडे द्यायचे, आणि प्रत्येकीनं समोर बसून बाळाचं झबलं बेतून शिवायचं. हलसूरच्या मास्तरांनी आपला वर्ग आदल्याच आठवड्यात बंद केल्याचं कळवलं. बाकी दोन्ही वर्गांच्या मुली आल्या.

प्राणेशच्या मुलींनी सरकारी खोलीत पाय ठेवला तेव्हाच त्यांचे चेहरे सांगत होते. एकीनं सुईत दोरा उलट्या बाजूनं ओवला. एकीनं कापड पुढ्यात घेतलं आणि रडू लागली. कात्री धरायची कुठून, हेच तिला माहीत नव्हतं. तिच्या वडलांनी तिला वर्गात घातलं तेव्हा पाटी पाहून घातलं होतं. उपेंद्रराव तिच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि परत फिरले. दोघीतिघी मात्र बऱ्या निघाल्या. त्या खरंच आईकडं शिकल्या होत्या.

गंगव्वाच्या बायका कापायला बसल्या तेव्हा कस्तुराबाईंची छाती फुगली. मलमलीची चिंधी वाया जाऊ न देता त्या सरसर बेतत होत्या. यल्लव्वाच्या झबल्याचा गळा इतका नेटका उतरला की उपेंद्ररावांनी तो हातात धरून उजेडात पाहिला. पण मशीनवर बसायची वेळ आली तसं चित्र पालटलं. वर्षभरात पायाखाली मशीन आलं होतं ते पाळीपाळीनं, थोडं थोडं. कुणाची टीप तिरपी गेली, कुणाचा दोरा तुटला. खुद्द यल्लव्वाचा पाय मध्येच उलटा पडला आणि खालचा दोरा गुंतून बसला. बेतणं पहिल्या प्रतीचं, हातशिलाई सुबक, आणि मशीनची टीप कच्ची.

"पाहिलंत?" उपेंद्रराव कस्तुराबाईंना हळूच म्हणाले. "सहा मशीनांचा नियम अगदीच वेड्यानं केलेला नव्हता."

कस्तुराबाईंना ते कबूल करावं लागलं. आपण गंगव्वाच्या बाजूनं सबंध विजय घेऊन जाऊ, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. पण समोर जे दिसत होतं ते मशीनं मोजून कधीच दिसलं नसतं, हेही तितकंच खरं होतं, आणि उपेंद्ररावांनी ते मान्य केलं.

निकाल आला तो असा. 'प्रगती'ची मान्यता गेली. गंगव्वाच्या वर्गाची मान्यता वर्षभरासाठी थांबवली, तेवढ्यात मशीनं उभी केली तर पुन्हा विचार होणार होता. त्या वर्षी तिच्या मुलींनी बाहेरून परीक्षेला बसावं, अशी सोय करून दिली. आणि पुढच्या वर्षापासून शिवणवर्गांच्या तपासणीची रीत बदलली. नोटीस न देता जायचं आणि मुलींना समोर शिवायला लावायचं. उपेंद्ररावांनी कागदावर ती आपली सूचना म्हणून पाठवली. कस्तुराबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना बघायला मिळणार होतं, तेवढं पुरे होतं.

प्राणेशनं काही महिन्यांतच मल्लेश्वरमच्या त्याच खोलीत टायपिंगचा वर्ग काढला. पाटी त्याच रंगाऱ्यानं रंगवली होती. टायपिंगचे वर्ग दुसऱ्या निरीक्षकाकडं होते. कस्तुराबाईंनी त्या निरीक्षकाला गाठून बजावलं, "यंत्रं मोजू नका. एखाद्या पोराला समोर बसवून एक पान टाइप करायला सांगा."

गंगव्वाचं मात्र दुखणं राहिलं. कस्तुराबाई निकालाचा कागद घेऊन स्वतः तिच्याकडं गेल्या होत्या. तिनं कागद वाचला, घडी घातली आणि कोनाड्यात ठेवला. "माझ्या पोरींना सगळ्यांसमोर उघडं पाडलंत," ती म्हणाली. "त्यांची टीप कच्ची, ते मला ठाऊक नव्हतं होय? मशीन नव्हतं म्हणून कच्ची. ते सरकारला कळवायला चार माणसांत त्यांची परीक्षा कशाला हवी होती?"

"नाहीतर वर्गच गेला असता, गंगव्वा."

"गेला असता तर मी गेलेला बघितला असता. पण माझ्या पोरींचं कच्चेपण तुम्ही चार माणसांत दाखवलं नसतंत."

कस्तुराबाई परत आल्या. त्यांना वाईट वाटलं, आणि आपलं काही चुकलं असं मात्र पुरतं वाटेना. त्यामुळं जास्तच वाईट वाटलं. गंगव्वानं नातलगांकडून, सहकारी पेढीकडून, कुठून कुठून करून मशीनं जमवली. वर्षभरानं मान्यता परत मिळाली. त्या तपासणीला कस्तुराबाई मुद्दाम गेल्या नाहीत, दुसऱ्या बाईंना पाठवलं. यल्लव्वाला पुढं एका शाळेत शिवणाची शिक्षिका म्हणून जागा मिळाली, ती पेढे घेऊन घरी आली. गंगव्वा काही आली नाही. बाजारात दिसली तरी ती रस्ता ओलांडून जायची.

अशी पाच-सहा वर्षं गेली. कस्तुराबाईंकडं आता तुमकूर, कोलारपर्यंतचे वर्ग होते. एकदा सणाच्या तोंडावर त्या अवेन्यू रोडवरच्या एका कापडदुकानात उभ्या होत्या. तेव्हा नायलॉन नव्यानं घरोघरी शिरत होतं. दुकानदार गुलाबी, तलम कापडाचा तागा उलगडून दाखवत होता, आणि पलीकडून एक हात त्याच कापडाची कड चोळून पाहत होता. कस्तुराबाईंनी वर पाहिलं. गंगव्वा.

आता ही कापड टाकून जाईल, असं त्यांना वाटलं. गंगव्वानं कापड सोडलं नाही. कपाळावर आठी घालून ती ते उजेडात धरून होती.

"हे मेलं मशीनखाली नुसतं घसरतंय," ती म्हणाली, कुणाला म्हणाली ते कळेना. मग डोळे कापडावरच ठेवून विचारलं, "तुमच्या त्या कोलारच्या वर्गात पोरी हे कसं शिवतात?"

"खाली पातळ कागद लावतात," कस्तुराबाई म्हणाल्या. "टीप मारून झाली की कागद फाडून काढायचा."

"मग टाके ओढत नाहीत?"

"सुई बारीक लागते. आणि पाय अगदी हलका."

"किती हलका?"

दुकानदारानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं. त्या दोघी तागा बाजूला सरकवून फळीवरच कापड पसरून बसल्या. एक कड धरत होती, दुसरी बोटानं टीप मारून दाखवत होती, आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या दोघींच्या पिशव्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येत होत्या.